आमच्या गच्चीवरचं आयनांबर

उमरग्यात आमच्या घराचा पत्ता सांगताना लोक आधी हायवे सांगतात, मग दवाखाना सांगतात आणि शेवटी म्हणतात, "ज्या गच्चीवर पांढरा टोप पालथा घातलाय, ते सरांचं घर." त्या टोपाबद्दल गल्लीत आजवर काय काय बोललं गेलंय ते लिहायला बसलो तर नमनालाच घडाभर तेल जायचं. एकजण तो मोबाइलचा टॉवर समजून चिमण्या मरतात म्हणून भांडायला आला. दुसऱ्यानं विचारलं, सरकार याचं भाडं देतं का फुकटच ठेवलंय. एका सद्गृहस्थानं तर चहाच्या हॉटेलात बसून छातीठोक सांगितलं की पाऊस कधी येणार ते या टोपात आधी कळतं, पण सर मुद्दाम सांगत न्हाईत. भौतिकशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला, पण एवढा आत्मविश्वास मला वर्गातसुद्धा कधी जमला नाही.

तो टोप म्हणजे अँटेना. जीपीएसचे उपग्रह वरून संदेश पाठवत असतात, ते ती ऐकते. ते संदेश खाली येताना वाटेत आयनांबर लागतं. खूप उंचावर, जिथं हवा अगदी विरळ असते, तिथं सूर्याच्या प्रखर किरणांनी हवेचे कण फुटतात आणि विजेचा भार घेऊन फिरतात. तोच हा थर. मी पोरांना सांगायचो, दोन भाऊ एकाच वेळी रानातून निघाले, वाटेत काळ्या मातीचा चिखल लागला, एक लवकर निघाला आणि दुसरा जरा मागं राहिला. किती मागं राहिला त्यावरून चिखल किती होता ते ओळखायचं. उपग्रह दोन वेगळ्या कंपनांचे संदेश एकदमच सोडतो, आणि खाली पोचताना त्यांच्यात जे अंतर पडतं त्यावरून आमचं यंत्र वरचा थर मोजतं. पोरं माना डोलवायची. परीक्षेत चिखल लिहायची आणि आयनांबर विसरायची.

एका संशोधन संस्थेला अशी यंत्रं ठिकठिकाणी बसवायची होती. आमच्या कॉलेजची गच्ची गळकी, म्हणून मी म्हणालो, माझ्या घरावर बसवा. त्यांची माणसं आली, काँक्रीट ओतून लोखंडी खांब उभा केला, वर टोप ठेवला, खोलीत यंत्र आणि बॅटऱ्या मांडल्या. जाताना एकच बजावून गेली की खांब हलवायचा नाही आणि आजूबाजूला नवं काही उभं करायचं नाही. वीसेक वर्षं झाली. मी निवृत्त झालो, मुलगा पुण्याला गेला, गल्लीतली कौलं जाऊन स्लॅब आले, पण खांब तसूभर हलला नाही.

एवढा हट्ट कशासाठी, असं कुणीही विचारील. थर रोज बदलतो. सकाळी भरायला लागतो, दुपारी तुडुंब होतो, रात्री ओसरतो. सूर्य अकरा-अकरा वर्षांच्या फेऱ्यात तापतो आणि निवतो, तसा थरही चढतो आणि उतरतो. त्यात नवल नाही. खरा प्रश्न त्याच्या पुढचा. हा सगळा चढउतार वजा केला, तर पिढ्यांच्या मापानं हा थर चाललाय कुठं? जगातल्या जुन्या नोंदी बघणाऱ्यांना असं दिसतं की वरची हवा हळूहळू थंड होतेय, आक्रसतेय, आणि तिच्याबरोबर थरही किंचित किंचित खाली येतोय. संशय मुख्यतः आपल्याच धुरावर आहे, म्हणजे कार्बन डायऑक्साइडवर. पण पृथ्वीचं चुंबकत्वही जागा बदलत असतं, त्याचाही हात असू शकतो. सूर्याचा प्रत्येक फेराही सारखा नसतो. आणि या सगळ्यांपेक्षा लबाड संशयित म्हणजे मोजणाराच. यंत्र बदललं, तार बदलली, शेजारी भिंत उठली, की आभाळ जागच्या जागी असून बदलल्यासारखं दिसतं. बदल इतका बारीक की त्याला पकडायचं तर आपण बदलून चालत नाही. म्हणून तो हट्ट.

हे मी एकदा आमच्या मंडळींना समजावून सांगत होतो. ती गच्चीवर बसून तूर पाखडत होती. म्हणाली, "खाली एवढं उकडतंय, जीव जायची पाळी आलीय, आणि वर म्हणे थंड होतंय. हा कुठला न्याय?"

मी म्हणालो, "अगं, खाली हवेची गर्दी आहे. जत्रेत कशी एकाची ऊब दुसऱ्याला लागते, तशी खालच्या हवेत उष्णता याच्याकडून त्याच्याकडं फिरत राहते, बाहेर पडत नाही. वर गर्दीच नाही. तिथं तोच धुरातला वायू उष्णता बाहेर टाकतो आणि ती सरळ आभाळात निघून जाते. म्हणून खाली ताप आणि वर गारठा."

ती सूप थांबवून म्हणाली, "म्हणजे गर्दीतलं माणूस तापतं आणि एकटं पडलेलं गार पडतं. एवढंच ना? मग सरळ सांगायचं की."

मी कपाळावर हात मारला. पण खरं सांगायचं तर यापेक्षा चांगलं मलाही सांगता आलं नसतं.

माझ्या यंत्राला थराची उंची कळत नाही, त्यात एकूण भार किती एवढंच कळतं. आणि वीस वर्षं म्हणजे सूर्याचे दोन फेरेसुद्धा धड पुरे होत नाहीत. एवढ्यावर कुणी निकाल देत नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी माझी एक हाव होती. कधीतरी सगळ्या ठाण्यांच्या नोंदी एकत्र करून या प्रश्नाचं उत्तर शोधतील, तेव्हा त्यात उमरग्याचा एक ठिपका असावा. घर झालं, मुलगा मार्गी लागला, पेन्शन सुरू झालं. पण बाबा रे, तू जन्मात केलंस काय, असं कुणी विचारलं तर बोट दाखवायला माझ्याकडं तेवढंच होतं.

आणि हा ठिपका मी एकट्यानं सांभाळला असं म्हणालो तर जीभ झडेल. गच्ची बायकांची असते, हे मला यंत्र बसल्यावर कळलं. कुरडया, पापड, सांडगे, मिरच्या, धुतलेला गहू, सगळ्यांचा मुक्काम तिथं. मी फर्मान काढलं की खांबाजवळ स्टीलची ताटं ठेवायची नाहीत, कपड्यांची लोखंडी तार बांधायची नाही, पत्रा तर बिलकूल आणायचा नाही. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता आभाळाला विचारून वाळवण घालू का?" पण तिनं ताटं खाली नेली, जुनी धोतरं अंथरली आणि तारेच्या जागी सुताची दोरी आली. शेजारणींना मात्र सांगायची, "आमच्या घरात मी खालती राहते आणि माझी सवत वरती. सर सकाळी उठून आधी तिचं तोंड बघतात."

मी कॉलेजात असताना वीज गेली की बॅटरी चालू झाली का ते तीच बघायची. कावळ्यांनी टोपावर तारा आणून घरटं मांडलं तेव्हा शिडी लावून तिनंच ते उतरवलं आणि अंडी नव्हती याची खात्री करून मग मला सांगितलं. मी नोंदी पाठवायचो, संस्थेकडून आभाराचा निरोप मला यायचा. ती म्हणायची, "आमाला कोण इचारतंय!" आणि हसायची. तिचं माहेर मुरूमकडचं. मास्तराच्या घरात राहून तिची भाषा सुधारेल असं मला लग्नाच्या वेळी वाटलं होतं. झालं उलटंच, माझीच बिघडली, आणि ते बरं झालं.

ती कार्तिकात गेली. पोटाचं दुखणं होतं. इथल्या दवाखान्यातून सोलापूरला नेलं, तिथं डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं, आणि मग फार दिवस लागले नाहीत. याच्यावर मला जास्त लिहिता येत नाही. लोक म्हणाले, सवाष्ण गेली, भाग्याची. मला अस्सा संताप यायचा! कसलं भाग्य? माणूस गेलं ना माझं! घरात दोन कप चहाचं दूध तापवायची सवय हाताला होती, ते दूध रोज उरायचं. मुलगा म्हणाला, पुण्याला चला. मी म्हणालो, खांब कोण बघणार? त्याला वाटलं, बाप दगड आहे. मला तिथून हलायचंच नव्हतं आणि सांगायला खांब बरा पडला.

त्या वर्षी घरात सण झाले नाहीत. उन्हाळ्यात, आंबे संपत आले होते तेव्हा, संस्थेतून फोन आला. एक तरुण संशोधक बाई होत्या, केरळच्या. हिंदी आणि इंग्रजी मिसळून बोलायच्या, अदबीनं बोलायच्या. आयनांबरातल्या दीर्घकालीन बदलांसाठी सगळ्या ठाण्यांच्या नोंदी एकत्र करायचं काम त्यांच्याकडं आलं होतं. मी खुर्चीवरून उठून उभाच राहिलो. ज्याची वाट बघितली तेच आलं होतं.

"सर, तुमच्या नोंदींची मालिका फार चांगली आहे," त्या म्हणाल्या, "पण एक विचित्र गोष्ट आहे. जवळजवळ दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये एक दिवस असा येतो की सगळं बिघडतं. सकाळी सूर्य उगवल्यापासून संदेश तुटायला लागतात आणि दिवस मावळायच्या आत सगळं आपोआप पूर्ववत होतं."

हे विचित्रच होतं. आमचा पट्टा चुंबकीय विषुववृत्तापासून फार लांब नाही. या दिवसांत इथला थर फाटतो, त्यात बुडबुडे उठतात आणि संदेश डळमळतात, पण ते सूर्य मावळल्यानंतर. भर दिवसा, तेही वर्षातून एकदाच, असं का व्हावं?

"आणि तारीख दरवर्षी वेगळी," त्या म्हणाल्या. "पण मी चंद्राशी ताडून पाहिलं सर. बहुतेक वेळा अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी."

समुद्राला भरती येते तशी वरच्या हवेलाही चंद्रामुळं भरती येते आणि तिचा थरावर परिणाम होतो, हे पुस्तकात आहे. विषुवाच्या आसपासची अमावास्या आणि आमचा पट्टा, असा काहीतरी खास मेळ जमत असेल का? ती गेल्यापासून पहिल्यांदाच मला एखाद्या गोष्टीत गोडी वाटली. मी जुनी पुस्तकं काढली, रोज त्या बाईंना फोन करून डोकं खाल्लं. मंगळवारच्या बाजाराला गेलो तर भाजीवालीनं विचारलं, "सर, आज लई खुशीत दिसताव?" मी तिला आयनांबर सांगायला लागलो होतो, पण मागं गिऱ्हाईक उभं होतं.

ही खुशी फार टिकली नाही. आठवड्यानं त्यांचा फोन आला तेव्हा आवाज पडलेला होता. आजूबाजूच्या ठाण्यांवर त्या दिवशी काहीच दिसत नाही, म्हणाल्या. चंद्र काही एकट्या उमरग्यावर उगवत नाही. शिवाय सुरुवातीच्या दोन वर्षांत ही भानगड नाही आणि यंदाही नाही. म्हणजे गडबड आभाळात नसून आमच्याच ठाण्यावर असणार. "कारण सापडलं तर ठीक आहे, सर. नाही सापडलं तर सगळी मालिकाच संशयात येते. मग तुमचं ठाणं मला बाहेर ठेवावं लागेल."

बाहेर! वीस वर्षं काय मी गवत उपटत होतो? असं म्हणणार होतो, पण त्यांचं चुकत नव्हतं. त्यांच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो. जे यंत्र वर्षातून एक दिवस कारण न देता खोटं बोलतं, त्याच्या बाकीच्या दिवसांवर तरी विश्वास कसा ठेवायचा?

मग मी हात धुऊन मागं लागलो. तार पहिल्यापासून शेवटपर्यंत हातानं चाचपली. जोड उघडले, पुसले, परत बसवले. मागच्या गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याला जाऊन विचारलं, तू मार्चमध्ये एकच दिवस काही खास जोडतोस का? त्यानं माझ्याकडं दयेनं बघितलं आणि पोराला चहा सांगितला. वीज मंडळाच्या माणसालाही छळून झालं. काही हाती लागेना. एका सकाळी खांबाला टेकून गच्चीवर तसाच बसून राहिलो. रागही संपला होता.

शेजारच्या गच्चीवर शेजारीण कपडे वाळत घालत होती. ती आमच्या हिच्यापेक्षा बरीच लहान, हिला काकू म्हणायची आणि हिच्या हाताखालीच कुरडया घालायला शिकली होती. म्हणाली, "सर, उनात कशाला बसलाव? काय हरवलं का?"

मी वैतागून म्हणालो, "हो, एक दिवस हरवलाय. दरवर्षी मार्च-एप्रिलात एक दिवस या खांबाला काय होतं तेच कळत नाही. सकाळी बिघडतं आणि संध्याकाळी नीट होतं."

तिनं पिळलेली चादर तशीच हातात धरली. म्हणाली, "आवो सर, मग ती गुढी असंल की."

"कसली गुढी?"

"काकूची. त्या ह्याच खांबाला बांधायच्या न्हव का. दर पाडव्याला. मीच शिडी धरायची. टोपाच्या वरती हातभर काठी काढायच्या, त्यावर तांब्या, इरकलीचं ते जरीचं लुगडं, लिंबाचा डहाळा, साखरेचा हार. समद्या गल्लीत तुमचीच उंच दिसायची. तुमाला म्हाईत न्हाय?"

मला माहीत नव्हतं. पाडव्याला मी उमरग्यात कधी नसायचोच. गावी आमचे थोरले बंधू असतात. वर्षाचा पहिला दिवस, घरच्या गुढीला सगळ्या भावांनी हजर राहिलंच पाहिजे, असा त्यांचा दंडक. मी पहाटेच्या एसटीनं जायचो आणि पुरणपोळी खाऊन, झोप काढून, दिवस मावळल्यावर परतायचो. ही यायची नाही. म्हणायची, पाडव्याला दाराला कुलूप नको. मी परत येईपर्यंत गुढी उतरलेली असायची आणि हार देवापुढं ठेवलेला असायचा. पाडवा अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी येतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण मी पंचांगाला हात लावत नाही याची मला मोठी घमेंड, आणि त्या केरळच्या बाईंना बिचाऱ्यांना पाडवा कुठून माहीत असणार? आम्ही दोघं मिळून चंद्राला पकडायला निघालो होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. टोपावर तांब्या पालथा, वरून जरीचा काठ लोंबतोय, मग उपग्रहाचा संदेश तुटेल नाही तर काय होईल?

पण मला दुसरंच काहीतरी डाचत होतं. ताटसुद्धा खांबापासून लांब ठेवणारी बाई. ती असं का करील? मी तसं विचारलं.

शेजारणीनं हातातली चादर दोरीवर टाकली. मग कठड्याजवळ आली. म्हणाली, "यंत्र बसलं त्याच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. गुढी बांबूला बांधून कठड्याला लावली व्हती. दुपारी वाऱ्याचा झोत आला आन् गुढी खाली पडली, पार रस्त्यात. काकू धावत जाऊन उचलून घेऊन आल्या, तोंड पांढरं पडलं व्हतं. आन् त्याच आठवड्यात तुमाला हायवेवर ट्रकनं उडवलं."

हो. स्कूटरवर होतो. मांडीचं हाड मोडलं, जीव वाचला, अजून जरा लंगडतो.

"तवापास्नं त्यांनी मनात धरलं. म्हणाल्या, ह्यो खांब काँक्रीटात हाय, ह्यो काय पडत न्हाय. सरास्नी सांगू नगस, सांगितलं तर हसतील, न्हायतर यंत्राला धक्का लागंल म्हणून वरडतील. एक दिवस वरच्या टोपाला काय व्हनार न्हाय. सरांच्या जिवापुढं टोप काय, असं म्हणाल्या."

मी खाली आलो. मी नक्कीच हसलो असतो. ओरडलोही असतो. सांगितलं असतं की गुढी वाऱ्यानं पडते आणि ट्रक ड्रायव्हरच्या झोपेनं धडकतो, दोन्हींचा काही संबंध नाही. आजही मी तेच म्हणेन, कारण ते खरंच आहे. पण इतकी वर्षं माझ्या जिवासाठी कुणीतरी शिडी चढत होतं आणि मला ठाऊक नव्हतं. तिच्या जिवासाठी मी काय बांधलं होतं, कुठल्या खांबाला? ती गेली आणि मी राहिलो. त्या दुपारी मी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी त्या बाईंना फोन केला. गुढी म्हणजे काय हे समजावता समजावता पुरेवाट झाली. बांबू कळला, तांब्या कळला, पण तांब्या पालथाच का, याचं उत्तर मलाही देता येईना. शेवटी त्यांनी पाडव्याच्या तारखा काढून नोंदींशी लावून पाहिल्या. एकूणएक जुळल्या. त्या इतक्या मनापासून हसल्या की मलाही हसू आलं. "सर, मी चंद्रावर पेपर लिहिणार होते!" म्हणाल्या. मग कामाच्या आवाजात म्हणाल्या, "आता काही अडचण नाही. कारण कळलं, दिवस कळले. तेवढे दिवस गाळायचे, बाकी मालिका स्वच्छ. तुमचं ठाणं आत येतंय. फक्त गाळण्यासाठी तुमचा होकार हवा."

गाळू नका, असं अगदी ओठावर आलं होतं. वीस वर्षांच्या त्या सगळ्या आकड्यांत सूर्य होता, चुंबकत्व होतं, जगाचा धूर होता. ती फक्त त्या थोड्या दिवसांत होती. आणि नेमके तेच दिवस काढून टाकल्याशिवाय माझा ठिपका लागणार नव्हता. पण खोटी नोंद ठेवून कुणाचं भलं होतं? जन्मभर पोरांना मी हेच शिकवलं, आता स्वतःपुरतं वेगळं कसं सांगणार? मी म्हणालो, "गाळा."

"थँक्यू सर. आणि मॅडमना प्लीज सांगा, पुढच्या वर्षी गुढी जरा लांब बांधा."

मी त्यांना सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण त्या इतक्या आनंदात होत्या, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी तिच्याबद्दल ती घरात आहे असं समजून बोललं होतं. मला ते मोडवेना. मी म्हणालो, "सांगतो."

कार्तिकात वर्षश्राद्ध झालं. पाडव्याला मुलगा आणि सून आले. थोरल्या बंधूंना मी निरोप धाडला की यंदा मी येत नाही, माझ्या घरी गुढी आहे. त्यांनी साखरेचा हार पाठवून दिला. सकाळी सून इरकल आणि तांब्या घेऊन जिन्यात उभी राहिली. शेजारणीनं तिला सगळं सांगितलं असणार. म्हणाली, "बाबा, आईंच्या जागीच बांधू या ना. वर, खांबाला. एक दिवस गाळतील ते लोक. आईंसाठी गाळू देत की."

पोरगी मायेनं बोलत होती. माझाही जीव तिकडंच ओढत होता. मुलगा तर शिडी घेऊन उभाच होता. पण मी म्हणालो, "नको. मी शब्द दिलाय." गुढी दारात बांधली. बांबू फाटकाच्या लोखंडाला तीन ठिकाणी आवळला आणि गाठी मी स्वतः ओढून पाहिल्या, एकदा नव्हे, दिवसभर येता-जाता. वारा होता. गुढी पडली नाही. दिवस मावळायच्या आत सुनेनं ती उतरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेत होतो तेव्हा फोनवर त्या बाईंचा निरोप आला. "सर, कालचा दिवस अगदी स्वच्छ आला. कुठंही काही अडथळा नाही. मॅडमनी लक्षात ठेवलं! त्यांना माझे मनापासून आभार सांगा."

सून म्हणाली, "काय झालं, बाबा?" मी तिच्या हातात फोन दिला आणि पोरासमोर, सुनेसमोर, हमसून हमसून रडलो. आभाळ स्वच्छ होतं. मला तो अडथळा हवा होता.